खरी यादी

नोकरी मिळत नव्हती तोवर माझी भाची निर्धास्त होती. घाबरायला लागली ती नोकरी मिळाल्यावर, आणि तिचं बघून मीही.

घरात आम्ही दोघंच. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून ती माझ्याकडे. मी लिफ्ट दुरुस्त करायचो. तारांचे रंग आणि आकडे मला कळायचे, अक्षर मात्र एक कळत नव्हतं. कुणी कागद पुढे केला की मी खिसे चाचपायचो आणि म्हणायचो, चष्मा घरी राहिला. दुरुस्ती चालू असताना लिफ्टच्या दाराला पाटी अडकवायची असते, ती मी कितीदा उलटी अडकवली असेल कुणास ठाऊक. लोकांना वाटायचं, माणूस फार घाईत आहे. भाची पहिलीत गेली आणि शाळेतून आलेला कागद मी असाच तिच्या हातात परत दिला, तेव्हा ती म्हणाली, "मामा, तुझ्याकडे चष्माच नाहीये."

मी पंचेचाळीस वर्षांचा होतो. तिच्याच पुस्तकातून, तिच्या शेजारी बसून मी वाचायला शिकलो. ती कायम माझ्यापुढे दोन धडे असायची आणि तसं बोलूनही दाखवायची.

पुढे माझी मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी एक ते पाच, मी डायलिसिसच्या खुर्चीत. खुर्ची नंबर सहा. हातात दोन सुया, शेजारी मशीन, त्यातून माझंच रक्त बाहेर जाऊन परत येतं. भाचीने माझ्यापायी कॉलेज सोडलं. सकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम करायची आणि दुपारी माझ्याबरोबर यायची. काचेपलीकडच्या बाकावर ते चार तास काढायचे कसे, म्हणून तिने एक जुना लॅपटॉप घेतला. त्याचा एक कोपरा फुटलेला होता, त्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते तिला अंदाजाने वाचावं लागे. त्या बाकावर ती प्रोग्राम लिहायला शिकली. कुणी शिकवलं नाही. तीन वर्षं, आठवड्याचे बारा तास. माझं रक्त धुऊन होईपर्यंत तिचा एखादा प्रोग्राम चालायला लागायचा किंवा बंद पडायचा.

नोकरीचे अर्ज मात्र पुढे सरकत नव्हते. अर्जात पदवीचा रकाना असायचा आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. यादीतून निवडायचं, आणि यादीत 'पदवी नाही' असं काही नव्हतंच.

"मामा, हा रकाना मी दोन मिनिटांत उडवू शकते," ती एकदा म्हणाली.

"मग उडव की."

"आणि मग त्यांच्याकडेच नोकरी मागू?"

काम मिळालं ते आमच्या केंद्रातच. भिंतीवर एक मोठा पडदा आहे, त्याला सगळे बोर्ड म्हणतात. कुणाची पाळी कधी, कुठल्या खुर्चीत, ते त्यावर येतं. एकाच नावाची दोन माणसं असली की बोर्ड त्यांची अदलाबदल करायचा. एका आजोबांना दोनदा भलत्याच दिवशी बोलावलं गेलं. भाचीने महिनाभर नुसतं बघितलं आणि मग मोठ्या सिस्टरना सांगितलं की यादी माणसं नावाने ओळखते, ती केसपेपरच्या नंबराने ओळखायला पाहिजेत. मोठ्या सिस्टर, म्हणजे केंद्राच्या इन्चार्ज, कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नाहीत. पण त्यांनी बोर्डच्या कंपनीला फोन लावला आणि म्हणाल्या, "तुमच्या इंजिनीअरांपेक्षा माझ्या बाकावरची मुलगी हुशार आहे. घेऊन जा तिला."

कंपनी जवळच होती, दोन गल्ल्या सोडून, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर. सहा माणसं. साहेब म्हणाले, "पंधरा दिवस बघू. जमलं तर ठेवू." तिने तीन कागदांवर सह्या केल्या. त्यातला एक मी वाचला, सावकाश, बोट ठेवून. रुग्णांची यादी कुठल्याही रूपात ऑफिसबाहेर न्यायची नाही. नेली तर काम तिथेच संपलं.

तिला शिकवायला एक दाढीवाला होता, तिथला जुना माणूस. घरी येऊन ती त्याच्या गोष्टी सांगायची, पण जेवायची अर्धवट. "ते सगळे एकमेकांचं काम वाचतात, मामा. मी कधी कुणाला वाचायला दिलंच नाही. मी केलेलं बघून तो नुसता दाढी खाजवतो. काही बोलत नाही."

"वाईट असतं तर बोलला असता."

"वाईट असतं तर ठेवणार नाहीत, मग बोलेल कशाला?"

रात्रभर तिचा पंखा चालू-बंद व्हायचा आवाज यायचा. मीही जागाच असायचो. मला एकच दिसत होतं. या कंपनीने परत पाठवली तर ती पुन्हा झेरॉक्सच्या दुकानात जाईल आणि मग कुठे अर्ज करणार नाही. तिचा स्वभाव मला माहीत आहे. एकदा जिथे हसं झालं त्या दाराशी ती परत जात नाही.

अकराव्या दिवशी शनिवार होता. ऑफिसला अर्धी सुट्टी, पण काम राहिलं म्हणून ती थांबणार होती. मी एकटाच केंद्रात गेलो. वजन झालं, सुया टोचल्या, मशीन सुरू झालं. शेजारी पाच नंबरच्या खुर्चीत मास्तर होते. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, पाणी प्यायला मनाई आणि दिवसभर नद्यांच्या गप्पा. खिडकीजवळच्या दहा नंबरला एक नवीन बाई आली होती. सकाळीच गाडीतून आणलेली, पाय सुजलेले, पायांत नवऱ्याचे मोजे. नवरा स्टुलावर बसून तिचा मोकळा हात धरून होता. पहिल्यांदा आलेल्याचा चेहरा कसा असतो ते आम्हाला माहीत आहे, म्हणून कुणी तिच्याकडे फार बघत नव्हतं.

दोन वाजून गेले असतील. मास्तर म्हणाले, "लिफ्टवाले, बोर्ड बघा."

बोर्डवर आमच्या नावांपुढे 'पुढची पाळी' असा रकाना असतो. तो रिकामा झाला होता. माझाही. सगळ्यांचाच.

"आपलं तिकीट फाटलं वाटतं," मास्तर म्हणाले, आणि दोघेतिघे हसले.

मी हसलो नाही. या बोर्डच्या मागे आता कोण बसतं ते मला माहीत होतं. मी उठायचा प्रयत्न केला तर धाकट्या सिस्टर ओरडल्या, "काका, हात हलवू नका." सुया हातात असताना माणूस कुठे जाणार? मी काचेच्या दाराकडे बघत राहिलो. मनात म्हणत होतो, वीज गेली असेल, वायर निघाली असेल, तिचा काही संबंध नसेल. आणि मग ती दारात दिसली. पळत आली होती. एका पायातली चप्पल तुटलेली होती आणि ती तसाच पाय ओढत आत आली.

माझ्या खुर्चीजवळ खाली उकिडवी बसली. ओठ पांढरे पडले होते.

"मामा, मी पुसलं सगळं."

"हळू बोल. काय पुसलंस?"

ती सांगत होती ते मी आधी तुकड्या-तुकड्यांत ऐकलं, नंतर नीट. ऑफिसात दोन याद्या असतात. एक सरावाची, एक खरी. दोन्ही दिसायला सारख्या, नावं सारखी, कॉम्प्युटरवरच्या खिडक्या सारख्या. सरावाच्या यादीवर प्रोग्राम चालवून बघायचा, चुकला तर चुकला. घरी तिच्याकडे एकच यादी असायची, तिची तिनेच बनवलेली खोटी माणसं, आणि ती दर वेळी सगळं पुसून नव्याने भरायची. दिवसातून दहादा. तिच्या हाताला तेच वळण. त्या दुपारी दाढीवाल्याने जाताना खरी यादी उघडी ठेवली होती, एका माणसाचं नाव फक्त बघायला. तिने बघितलं. मग आपलं काम पुढे चालू केलं, नेहमीसारखं सगळं आधी पुसून. खिडकी बदलायची राहिली होती.

"सरावाची समजून खरी पुसली," ती म्हणाली. "सोमवारपासूनच्या सगळ्यांच्या पाळ्या. दीडशे माणसं."

"त्यांच्याकडे दुसरी प्रत असेल ना?"

"बॅकअप तीन आठवडे बंद आहे. कुणी बघितलंच नाही. दाढीवाला फोन उचलत नाही."

"आणि साहेब?"

"साहेबांना अजून लावलाच नाही." तिने खाली बघितलं. "पण माझ्याकडे प्रत आहे. कालची. पेनड्राइव्हवर."

मला मग तो कागद आठवला, बोट ठेवून वाचलेला.

"घरी सराव करायला नेली होती," ती म्हणाली. "मी सगळ्यांत हळू आहे तिथे, मामा. म्हटलं, शनिवार-रविवार घरी करून बघावं. ती आत्ता पर्समध्ये आहे."

माझ्या मशीनने टिंग टिंग केलं. धाकट्या सिस्टर आल्या, रक्तदाब बघितला, खुर्ची मागे पाडली. "काय हो काका, आज काय झालं?" त्यांनी विचारलं. भाचीकडे एक नजर टाकली आणि गेल्या.

छताकडे बघत मी तिला म्हणालो, "ऐक. आत्ता ऑफिसात कुणी नाही ना? किल्ली तुझ्याकडे आहे?"

"आहे."

"जा. गुपचूप घाल परत. पंधरा मिनिटं बोर्ड बंद होता, असं होईल फक्त. असा बोर्ड हजारदा बंद पडलाय. कुणाला काय कळणार आहे?"

हे मी म्हणालो. आत्ता लिहितानाही मला ते बदलून लिहावंसं वाटतं, पण मी तेच म्हणालो. आणि मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. आयुष्यभर मी तेच केलं होतं.

तिने पर्सवर हात ठेवला. मग म्हणाली, "ती कालची प्रत आहे, मामा. आज सकाळी सिस्टरनी काय काय बदललं ते तिच्यात नाही." तिने मान न वळवता डोळ्यांनी खिडकीकडे दाखवलं. "त्या बाई आज आल्यात ना?"

मी दहा नंबरकडे बघितलं. नवरा बाईच्या पायावरचं पांघरूण नीट करत होता. मी आलो तेव्हा मोठ्या सिस्टरनी त्याला माझ्यासमोरच सांगितलं होतं, पुढची पाळी सोमवारी पहाटे, मेसेज येईल, मेसेज आल्याशिवाय निघू नका. कालच्या यादीत ती बाई नव्हतीच. मेसेज आला नसता. एवढ्या सुजेवर सोमवार चुकला तर मंगळवारी काय होतं तेही आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आमच्यातल्या दोघांचं ते बघितलेलं आहे.

तरी माझ्या तोंडून 'जा, सांग' असं निघालं नाही. मला त्या बाईसाठी भीती वाटत होती आणि भाचीसाठीही, आणि दोन्हीतली कुठली मोठी ते ठरवता येत नव्हतं.

"काय म्हणू?" ती म्हणाली. "चष्मा घरी राहिला म्हणू?"

चेष्टेने नाही म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. मग उठली, तुटकी चप्पल काढून माझ्या खुर्चीखाली सरकवली आणि अनवाणी मोठ्या सिस्टरच्या खोलीत गेली.

ती खोली काचेची आहे. आतलं सगळं दिसतं आणि काही ऐकू येत नाही. ती उभी होती, सिस्टर बसलेल्या. ती बोलत होती. सिस्टरनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग उठून दार लावलं, ते आधीच लागलेलं असताना. भाचीने पर्समधून पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. नखाएवढी वस्तू. सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांनी फोन उचलला.

"तुमची भाची ना ती?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"काय केलंय तिने?"

"बोर्ड तिच्या हातून गेला," मी म्हणालो. एवढं बोलायला मला फार जड गेलं. मास्तरांनी काचेकडे बघितलं. मग म्हणाले, "आमच्या शाळेत एकाने नकाशात समुद्राला हिरवा रंग दिला होता. तो पुढे चांगला निघाला." त्यांच्या गोष्टीला शेंडाबुडखा नव्हता, पण मला ती ऐकायची होती.

अर्ध्या तासात साहेब आले, मागे दाढीवाला, घरच्या कपड्यांत. आता काचेआड चौघं झाली. साहेब हात हलवून बोलत होते. दाढीवाला लॅपटॉपवर वाकला आणि बराच वेळ सरळ झालाच नाही. बॅकअपचं काम त्याचं होतं, हे मला नंतर कळलं. भाची भिंतीला पाठ लावून उभी. मधेच मोठ्या सिस्टर बाहेर आल्या, कपाटावरून हातमोज्यांचं रिकामं खोकं उचललं आणि आत घेऊन गेल्या. त्यांची एक सवय आहे. घाईत काही बदल झाला की आधी समोर असेल त्या खोक्यावर पेनने लिहितात, नंतर कॉम्प्युटरवर चढवतात. धाकट्या सिस्टर त्यावरून त्यांची थट्टा करतात. त्या दिवशी खोक्यावर पाच ओळी होत्या. आत मोठ्या सिस्टर एकेक वाचत गेल्या, भाची टाइप करत गेली. दाढीवाला तिच्या शेजारी उभा राहून पडदा बघत होता, आणि या वेळी दाढी खाजवत नव्हता.

पावणेपाचला बोर्डवर रकाना भरला. मी माझं नाव शोधलं, मंगळवार, खुर्ची सहा. मग खिडकीजवळच्या बाईचं नाव शोधलं. सोमवार, पहाटे सहा, खुर्ची दोन. तिच्या नवऱ्याला काही पत्ताच नव्हता. तो पिशवीत चादर भरत होता.

सुया निघाल्या, पट्ट्या बांधल्या, तोवर साहेब माझ्या खुर्चीजवळून दाराकडे निघाले होते. भाची मागे होती. ते थांबले आणि तिला म्हणाले, "यादी बाहेर नेलीस ते एक आणि पुसलीस ते दुसरं. पहिलं केलं नसतंस तर दुसरं निस्तरता आलं नसतं. आता यावर मी काय म्हणू ते मलाच कळत नाहीये." हात पुढे केला. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून दिलं. "किल्लीपण." तिने किल्ली दिली. "सोमवारी फोन करतो."

रविवारी संध्याकाळी मी तिला म्हणालो, "मी तुला लपव म्हणालो."

"तू घाबरला होतास."

"आणि तू?"

"मी सिस्टरना आधी काय सांगितलं तेही मला आठवत नाही, मामा."

सोमवारी फोन आला नाही. ती दिवसभर फोन समोर ठेवून बसली. दुपारी आंघोळीला गेली तेव्हा तो माझ्या हातात देऊन गेली आणि मी तो दोन्ही हातांनी धरून बसलो. कधी वाजेल याची धास्ती, आणि वाजला तर उचलून काय बोलायचं याची त्याहून जास्त. संध्याकाळी झेरॉक्सवाल्याचा फोन आला, उद्यापासून येतेस का. ती म्हणाली, उद्या सांगते.

मंगळवारी मी खुर्चीत आणि ती बाकावर, लॅपटॉप मांडीवर मिटलेला. तीनच्या सुमारास काचेतून मला ती एकदम उभी राहिलेली दिसली, फोन कानाला. ती ऐकत होती. मान हलवत नव्हती, हो की नाही काहीच कळेना. माझ्या मशीनने पुन्हा टिंग टिंग केलं. धाकट्या सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही काचेकडे बघायचं बंद करा बरं."

ती आत आली.

"दाढीवाल्याचा होता. उद्या ये म्हणाला."

"म्हणजे ठेवलं?"

"तसं नाही म्हणाला. उरलेले चार दिवस पूर्ण करायचे, मग साहेब बघतील. पुढचे सहा महिने खऱ्या यादीला हात लावायचा नाही. आणि दर शुक्रवारी बॅकअप घेऊन तो खरंच परत घालता येतो का ते मी तपासायचं."

"सहा महिन्यांचं काम सांगितलंय, म्हणजे ठेवलं," पाच नंबरवरून मास्तर म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

ती स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, लिफ्टमधली जिवंत तार तू कशी ओळखायचास?"

"लाल असते."

"आणि सगळ्याच तारा धुळीने काळ्या झालेल्या असल्या तर?"

"टेस्टर लावायचा. लाल दिसली तरी लावायचा, नाही दिसली तरी लावायचा. मला वाचता येत नव्हतं ना, मी आपला दोनदा लावायचो."

तिने लॅपटॉप उघडला आणि फुटक्या कोपऱ्याशी तोंड नेऊन काहीतरी लिहायला लागली.

पुढच्या आठवड्यात, तिचे पंधरा दिवस संपून गेल्यावर, गुरुवारी मी वजन करायला उभा होतो तेव्हा मोठ्या सिस्टरच्या कॉम्प्युटरवर नजर गेली. यादीच्या चारी बाजूंनी बोटभर जाड लाल पट्टी होती. ऑफिसातसुद्धा खऱ्या यादीला आता तशीच पट्टी आहे म्हणे, आणि काही पुसायला गेलं तर ती दोनदा विचारते.

"काय हे लाल करून ठेवलंय?" सिस्टर माझ्यावर करवादल्या, जणू मीच केलं होतं. "डोळ्यांत जातं नुसतं."

भाची तेव्हा ऑफिसात होती. बाक रिकामा होता. मी म्हणालो, "जाऊ दे सिस्टर, ते त्यासाठीच आहे." मग काट्यावर नीट उभा राहिलो, आणि वजनाचा आकडा बघायच्या आधी बोर्ड बघून घेतला.